पिंग लागतोय म्हणून एसएनएमपीही चालायलाच हवं?

एसएनएमपी म्हणजे राउटरसारख्या उपकरणांकडून त्यांची स्थिती आणि आकडे विचारून घेण्याची पद्धत; मॉनिटरिंग सॉफ्टवेअर तीच वापरतं. तिच्याबद्दल नेटवर्कवाल्यांच्या ग्रुपांवर एक सल्ला सतत फिरत असतो: “राउटर पिंगला उत्तर देतोय, तरी मॉनिटरिंगमध्ये लाल दिसतोय, म्हणजे सॉफ्टवेअरचा घोळ. कम्युनिटी (एसएनएमपीचा पासवर्डसारखा शब्द) ‘पब्लिक’ ठेवा, टाइमआउट वाढवा, नाहीच जमलं तर राउटर रीबूट करा. हिरवा झाला की विषय संपला.”

पिंग लागला म्हणजे आयसीएमपीला (पिंग ज्यावर चालतो त्या प्रोटोकॉलला) वाट मोकळी आहे, एवढंच. एसएनएमपीची विचारणा यूडीपी १६१ या पोर्टवर जाते आणि नेमकं तेच पोर्ट ॲक्सेस लिस्टमध्ये (कुणाला आत सोडायचं याच्या राउटरवरच्या यादीत) अडलेलं असणं ही नेहमीची गोष्ट. त्यात एसएनएमपीच्या व्ही२सी या आवृत्तीमध्ये कम्युनिटी चुकली तर राउटर तसं सांगत नाही, गप्प बसतो. पोर्ट बंद असो वा कम्युनिटी चुकलेली, पडद्यावर ‘टाइमआउट’च येतो. म्हणून मॉनिटरिंग सर्व्हरवरूनच (स्वतःच्या लॅपटॉपवरून नव्हे, परवानगी सर्व्हरच्या आयपीला असते) एसएनएमपीगेट या कमांडने सिसअपटाइम (किती वेळ चालू आहे तो आकडा) मागा आणि शेजारी टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पाकिटं दाखवणारं साधन) लावा. विचारणा जातेय पण उत्तर नाही, तर कम्युनिटी, ॲक्सेस लिस्ट आणि मधली फायरवॉल बघा. उत्तर राउटरच्या भलत्याच इंटरफेसच्या आयपीवरून येत असेल, तर ते वाटेतच टाकलं जाऊ शकतं. उत्तर नीट पोचूनही लाल दिसत असेल, तर सर्व्हरची स्वतःची फायरवॉल तपासा आणि मग खुशाल सॉफ्टवेअरला धरा.

पब्लिक? स्कॅनर पहिला अंदाज तोच लावतात, आणि व्ही२सीची कम्युनिटी तारेवरून उघडीच जाते. व्ही३ ही युजरनेमवर चालणारी पुढची आवृत्ती किचकट म्हणून लोक टाळतात. पण तिथे युजरनेम चुकलं तर राउटर बहुधा तसा रिपोर्ट पाठवतो. म्हणजे दोष शोधायला व्ही३च सोपं.

टाइमआउटचं थोडं खरं आहे. राउटरचा सीपीयू तापलेला असेल किंवा लिंक संथ असेल तर तो वाढवून फरक पडतो. अडवलेल्या पोर्टवर मात्र कितीही थांबा.

रीबूट हा सगळ्यात वाईट सल्ला. मेमरीतले लॉग जातात, सेव्ह न केलेलं कॉन्फिगरेशनही जातं. वर इफइंडेक्स (प्रत्येक इंटरफेसला दिलेले क्रमांक) बदलले तर एका इंटरफेसचा ग्राफ दुसऱ्याच इंटरफेसचे आकडे दाखवू लागतो. सिस्कोवर हे क्रमांक रीबूटनंतरही तेच ठेवणारी इफइंडेक्स पर्सिस्टची सोय आहे ती यासाठीच.

आणि हिरवा झाल्यावरही ग्राफ खोटा असू शकतो. ३२ बिटांचा बाइट काउंटर पूर्ण भरलेल्या १ गिगाबिट लिंकवर साधारण ३४ सेकंदांत गुंडाळून शून्यावर येतो. पोलिंग (सर्व्हरने आकडे विचारणं) दर ५ मिनिटांनी असेल, तर मधल्या फेऱ्या कुणी मोजल्याच नाहीत. तिथे इफएचसीइनऑक्टेट्स हा ६४ बिटांचा काउंटर लागतो, आणि तो एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीवर, व्ही१वर, मिळत नाही.