चुंबक पडताना काटा काय दाखवेल?

एक मजकूर गेल्या महिन्यात मला चौघांनी पाठवला. त्यातले दोघे माझ्याच विभागातले. मतलब असा: विद्यापीठातल्या भौतिकशास्त्राच्या मंडळींनी जाहीर व्याख्यानं, खुले दिवस, शाळकरी मुलांसमोरचे प्रयोग हे सगळं बंद करून मुकाट्यानं संशोधन करावं. गणित येत नसलेल्यांना भौतिकशास्त्र कळत नाही, त्यामुळे त्यांच्या हाती करमणुकीपलीकडे काही लागत नाही. संशोधन जमत नाही तेच या वाटेला जातात. लोकांना खरा रस नसतो, आणि नसला तरी कुणाचं काही बिघडत नाही.

आधी गणिताचं बघू. आमच्या खुल्या दिवशी मी तांब्याची एक मीटर लांब नळी उभी धरतो आणि वरून जोरदार चुंबक सोडतो. साधा लोखंडी तुकडा अर्ध्या सेकंदाच्या आत खाली येतो, चुंबक मात्र कितीतरी सेकंद रेंगाळत उतरतं. तांब्याला चुंबक चिकटत नाही, हे आधी दाखवलेलं असतं. पडत्या चुंबकामुळे नळीच्या भिंतीत गोल गोल फिरणारा विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि तो प्रवाह चुंबकाला अडवतो, एवढं मी सांगतो. एकदा एका आजोबांनी विचारलं, “सर, चुंबक नळीला कुठं टेकलेलं नाही ना? मग नळी काट्यावर उभी केली तर चुंबक पडत असताना त्याचं वजन काट्यात येईल का?” त्यांचं आयुष्य काट्यावर माल मोजण्यात गेलं होतं.

मी पटकन “नाही” म्हणालो. आणि दोन सेकंदांत माझी चूक माझ्याच लक्षात आली. नळी चुंबकाला वर ढकलते, तर चुंबकही नळीला तेवढंच खाली ढकलणार. वेग स्थिर झाला की ते ढकलणं नेमकं चुंबकाच्या वजनाइतकं. म्हणजे काट्यावर दोघांचं मिळून वजन दिसायला हवं. प्रयोगशाळेतून काटा मागवला, नळी उभी केली, चुंबक सोडलं. आकडा वाढला आणि चुंबक बाहेर पडेपर्यंत तिथेच राहिला. अख्ख्या संवादात एकही समीकरण नव्हतं, आणि न्यूटनचा तिसरा नियम त्या दिवशी मलाच पुन्हा शिकावा लागला. गणिताशिवाय भौतिकशास्त्रात फार पुढे जाता येत नाही, हे कबूल. पण म्हणून पहिलं पाऊलही टाकू द्यायचं नाही?

त्या नळीत जे घडतं त्याचा नियम 1831 मध्ये मायकेल फॅरडेच्या हाती लागला. लोहाराचा हा मुलगा पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत होता. 1812 मध्ये एका गिऱ्हाइकानं त्याला नामांकित रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीच्या जाहीर व्याख्यानांची तिकिटं दिली. त्यानं टिपणं काढली, त्यांचं पुस्तक स्वतः बांधलं आणि डेव्हीलाच पाठवून दिलं. पुढच्या वर्षी तो डेव्हीचा मदतनीस झाला. गणित त्याला बेताचंच येत असे. चुंबकाभोवतीच्या बलरेषा तो मनात बघायचा, त्यांना गणिताचं रूप भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलनं नंतर दिलं. त्या मजकुराप्रमाणे त्या वेळीही व्याख्यानं बंद असती, तर फॅरडे बहुधा पुस्तकंच बांधत बसला असता.

‘संशोधन जमत नाही तेच’ या टोमण्यालाही फॅरडे पुरेसा आहे: लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळात मुलांसाठी होणारी व्याख्यानमाला त्यानं तब्बल 19 वेळा दिली. पण या टोमण्यानं खरंच नुकसान होतं, म्हणून अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगनचंही नाव घेतो. शुक्राच्या भयंकर तापमानाचं कारण हरितगृह परिणाम आहे, हे मांडणाऱ्यांपैकी ते एक. शेकडो शोधनिबंध नावावर. तरी 1992 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं त्यांना सदस्यत्व नाकारलं, आणि त्यांची लोकप्रियता सहकाऱ्यांना खुपते अशी चर्चा तेव्हा उघड झाली. दोनच वर्षांनी त्याच अकादमीनं लोकसेवेसाठीचं पदक त्यांना दिलं. तरुण प्राध्यापक यातून काय धडा घेतात, हे मी विभागात रोज बघतो.

रस नसतो म्हणे. 2007 मध्ये ऑक्सफर्डच्या खगोलशास्त्रज्ञांनी जवळपास नऊ लाख दीर्घिकांची, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहांची, छायाचित्रं लोकांपुढे ठेवली आणि सर्पिल कोणत्या, लंबगोल कोणत्या ते ओळखायला सांगितलं. ‘गॅलक्सी झू’ हे त्या उपक्रमाचं नाव. वर्षभरात दीड लाखांच्या आसपास लोकांनी पाच कोटींहून जास्त नोंदी केल्या. हॅनी फान आर्केल या डच शिक्षिकेला एका दीर्घिकेशेजारी विचित्र डाग दिसला आणि तिनं हे काय आहे म्हणून विचारलं. तो निघाला वायूचा प्रचंड ढग, दीर्घिकेच्या केंद्रातल्या आता मंदावलेल्या क्वेसारच्या, म्हणजे अतिप्रखर गाभ्याच्या, जुन्या प्रकाशानं उजळलेला. तिच्याच नावानं तो आज ओळखला जातो.

रस नसला तरी बिघडत नाही, याचं उत्तर 2008 मध्ये मिळालं. सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेचा, कणांना प्रचंड वेग देऊन आदळवणारा महाकाय कण-त्वरक सुरू होण्याआधी कृष्णविवर तयार होऊन पृथ्वी गिळली जाणार, अशी आवई उठली, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. उत्तर सोपं होतं: त्याहून जास्त ऊर्जेचे वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून येणारे कण, अब्जावधी वर्षं पृथ्वीवर आदळत आहेत आणि पृथ्वी जागेवर आहे. मात्र घाबरलेल्या माणसाला हे पटायचं तर सांगणारा आधीपासून ओळखीचा लागतो.

त्या मजकुरातली एक तक्रार, नुसत्या करमणुकीची, मात्र मी मान्य करतो. द्रवरूप नायट्रोजनचा धूर, आक्रसणारा फुगा, टाळ्या, पुढचा प्रयोग. फुग्यातली हवा गेली कुठं, हे विचारायलाही कुणाला उसंत नाही. असे कार्यक्रम मीही वर्षानुवर्षं केलेत. आता बारा प्रयोगांचे तीन उरलेत आणि नळीखाली काटा कायमचा आहे. चुंबक सोडण्याआधी काटा काय दाखवेल, ते प्रत्येकानं फळ्यावर खडूनं लिहायचं. गेल्या खेपेला सगळ्यात जास्त चुकीचे आकडे आमच्याच विभागातल्यांचे निघाले.