कळंब्याचं नाव का घेतलं? काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

‘सकाळी फिरायला कोल्हापुरात कुठं जाल?’ या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. नुसतं ‘धन्यवाद’ लिहून सुटका करून घ्यावी अशी ती नाही, म्हणून सविस्तर लिहिते. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: तुमचं म्हणणं असं की रंकाळा तलावाची वाट गर्दीनं लावली, आणि आता माझ्यासारखे लोक कळंबा तलाव, राजाराम तलाव, शिवाजी विद्यापीठाचा परिसर यांची जाहिरात करून तिथंही गर्दी नेणार. ‘चांगली जागा सापडली तर माणसानं गप्प बसावं’, हे तुमचे शब्द. पाण्याच्या घाणीबद्दल चकार शब्द न काढता मी रंकाळ्याला सुंदर म्हटलं, याचाही तुम्हाला राग आलाय. आणि जाता जाता टोमणा: हे सगळं गाडीवाल्यांसाठी आणि गुडघे शाबूत असलेल्यांसाठी, आमच्या घरातल्या बाईसाहेबांनी काय करायचं?

टोमणा रास्त आहे, त्याकडं शेवटी येते. आधी रंकाळा.

तुम्ही रंकाळ्यात पोहायला शिकलात. तुमच्या पिढीतल्या पेठेतल्या पोरांना वेगळा पोहण्याचा तलाव लागत नव्हता, हे माझ्या घरातही ऐकत आलेय. त्यामुळं आजचं पाणी बघून तुमचा जीव तुटतो हे समजतं. पण खापर कुणावर फोडायचं ते जरा नीट बघूया. चौपाटीवर भेळ खाणाऱ्यानं कागद टाकला तर तो डोळ्यांना दिसतो, सकाळी झाडू मारला की जातो. शाम सोसायटीच्या नाल्यातनं वर्षानुवर्षं तळ्यात उतरलेलं सांडपाणी झाडूनं जात नाही. मैल्यातला आणि साबणाच्या पाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस म्हणजे जलपर्णीला आणि हिरव्या शेवाळाला आयतं खत. उन्हाळ्यात पाणी घटलं की ते आणखी दाट होतं. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री तेच शेवाळ तो ओढून घेतं. म्हणून मासे मरतात ते बहुधा पहाटे, आणि बिचाऱ्या सकाळी फिरणाऱ्यांना वाटतं, रात्री कुणीतरी विष टाकलं. शेवाळ मेलं की ते कुजताना उरलासुरला प्राणवायूही जातो, आणि मग तुम्ही म्हणता तो वास सुटतो.

या सगळ्यात फिरायला येणाऱ्याचा वाटा किती? अगदीच नाही असं नाही. माशांना पाव आणि चुरमुरे टाकणं पुण्याचं काम समजणारे आहेत, पिशवीसकट निर्माल्य टाकणारे आहेत. तरीही संबंध पेठेच्या गटारापुढं ते काहीच नाही. आणि ज्यांचं घर गटाराला जोडलेलं आहे असे आपण सगळेच त्या पाण्यात आहोत, मग तळ्यावर जावो न जावो.

मी रंकाळ्याला सुंदर म्हटलं, आणि ते मागे घेणार नाही. पाणी उतरल्यावर तळ्यात बुडालेला जुना दगडी संध्यामठ दगड दगड करत वर येतो, पलीकडं शालिनी पॅलेसचं टॉवर उन्हात येतं, हे बघूनही ज्याला सुंदर म्हणवत नाही त्यानं डोळ्यांच्या डॉक्टरकडं जावं. घाण आहे आणि सुंदरही आहे. राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत रंकाळा गेला, जलपर्णी काढायला माणसं पाण्यात उतरली, नाल्यांसाठी अर्ज-आंदोलनं झाली, ती या तळ्यावर जीव असणाऱ्यांमुळंच ना?

आता ‘गप्प बसावं’ याबद्दल. कोल्हापूर हे एके काळी तळ्यांचं गाव होतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. वरुणतीर्थ कुठं गेलं? त्याचं गांधी मैदान झालं, आणि अजून पावसाळ्यात तिथं पाणी तुंबलं की आपणच महापालिकेच्या नावानं बोटं मोडतो. कपिलतीर्थाची मंडई झाली. रावणेश्वराच्या जागी शाहू स्टेडियम उभं आहे, जिथं पेठांच्या मॅचला आपण घसा बसेपर्यंत ओरडतो. पद्माळा आता नावापुरता. यातलं एकही तळं फिरायला आलेल्यांनी बुजवलं नाही. बुजवताना प्रत्येक वेळी काही ना काही शहाणपणाचं कारण असणारच, डास, दुर्गंधी, मैदानाची गरज. पण ‘हे आमचं आहे, राहू दे’ म्हणणारं काठावर रोजचं कुणी असतं तर त्यातलं एखादं वाचलं असतं, असं मला वाटतं. कोटीतीर्थ आणि रंकाळा निदान आहेत तरी.

कळंब्याचंच घ्या. संस्थानकाळात शहराला पाणी मिळावं म्हणून बांधलेला तलाव. कात्यायनीच्या डोंगराकडनं येणारे ओढे त्यात पडतात. पूर्वी त्या वाटेवर माळ आणि शेतं होती, आता कॉलन्या आहेत. म्हणजे रंकाळ्याला जे झालं त्याची तयारी तिथं कधीचीच सुरू आहे, माझ्या लेखाच्या कितीतरी आधीपासून. ओढ्यातनं काय येतंय ते बघायला तिथं माणूस पाहिजे.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट सांगते. उजाडायच्या सुमाराला आम्ही चार-पाच जण बांधावर होतो. पाण्यात वारकऱ्यांचा मोठा थवा होता. पक्षी म्हणतेय मी, काळा अंगरखा आणि कपाळावर पांढरा टिळा असलेले. त्यातले काही उडायच्या आधी पाण्यावरनं थपाथप धावत होते. तेवढ्यात कडेच्या कच्च्या रस्त्यानं एक टेम्पो आला, मागं पाडलेल्या घराचा राडारोडा, वर फुटका बेसिन. ड्रायव्हरनं टेम्पो पाण्याकडं उलटा घेतला, फाळका सोडायला क्लीनर खाली उतरला, आणि त्याला आम्ही दिसलो. कुणी काही बोललं नाही. आमच्यातल्या एका आजोबांनी नुसता चष्मा काढून पुसला आणि परत घातला. क्लीनरनं फाळक्याची कडी परत लावली, उगाच टायरला लाथ मारून बघितली आणि टेम्पो आल्या वाटेनं गेला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! तो राडारोडा पुढं कुठं पडला असेल ते देव जाणे, पण त्या दिवशी कळंब्यात पडला नाही.

तिथं कुणीच नसतं तर? तुम्हाला हवी तशी ती जागा ‘अस्पर्श’ राहिली असती, फक्त एक टेम्पोभर कमी खोल.

आणखी एक, जे तुमच्या लक्षात आलं नसावं. निर्जन जागा कुणाला परवडते? तुम्ही पुरुषमाणूस, पहाटे साडेपाचला एकटे राजाराम तलावाकडं सायकल मारत गेलात तर घरी कुणी फोन करत नाही. मी गेले तर आई तासाभरात दोनदा करते, आणि तिचं चुकत नाही. बांधावर आणखी चार बायका असतात, कुणीतरी पोरगं पळत असतं, एक जोडपं थर्मास घेऊन बसलेलं असतं, म्हणून मी तिथं असते. ज्याला तुम्ही गर्दी म्हणता तिच्या जिवावर मी फिरते. जागा गुपित ठेवायची म्हणजे ती एकट्यानं जाऊ शकणाऱ्यांपुरती ठेवायची. ते मला मान्य नाही.

याचा अर्थ सगळीकडं सगळ्यांनी जावं असं मी म्हणत नाही. दाजीपूर मी लेखात मुद्दाम घेतलं नव्हतं. ते गव्यांचं रान, 1958 पासून अभयारण्य आणि 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीतलं. तिथं वनखात्याच्या वेळेत, त्यांच्या नियमांनीच जायचं, आणि पावसाळ्यात ते बंद असतं ते बरंच आहे. रविवारी डबा घेऊन जायची जागा ती नव्हे. कुठल्या झुडपात कुणाचं घरटं आहे हेही मी कधी लिहीत नाही, फोटोवाले काय करतात ते मी बघितलंय. तलावाचं नाव सांगणं वेगळं आणि घरट्याचा पत्ता देणं वेगळं.

विद्यापीठाबद्दल तुम्ही ‘तिथं कशाला फिरायला लोक, ते शिकायचं ठिकाण’ असं लिहिलंय. 1962 साली विद्यापीठ झालं तेव्हा सागरमाळ उघडा बोडका होता. आज तिथं झाडी आहे, मोर आहेत, आणि पावसाचं पाणी अडवणारी तळी आहेत. 2019 च्या महापुरात उपसा केंद्रं बुडून शहराचे नळ कोरडे पडले, तेव्हा याच तळ्यांचं पाणी लोकांच्या कामी आलं. हे शिकण्यासारखं नाही का? आणि खरं सांगू, आपण कोल्हापूरकर पंचगंगेचं पाणी चढलं की पोराबाळांसकट ते बघायला शिवाजी पुलाकडं निघणारी माणसं. राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले आणि पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीला लागलं का, हे चहाच्या टपरीवर तोंडपाठ असतं. पाण्याकडं जायचं नाही असं आपल्याला कोण सांगणार?

आता काकू. कळंब्याच्या बांधावर त्यांना नेऊ नका, वाट खडबडीत आहे आणि टेकायला जागा नाही. राजाराम तलावही गुडघेदुखीवाल्यांसाठी नव्हे. गाडी नसेल तर केएमटीच्या सिटी बसनं रंकाळा स्टँडला उतरा, तिथून तळं हाकेच्या अंतरावर. पूर्ण फेरा चारेक किलोमीटरचा पडतो, तो करायचा नाही. पद्माराजे उद्यानाच्या बाजूला रिक्षा थेट जाते, तिथं बाकावर बसून पाणी दिसतं. उन्हाळ्यात मात्र टाउन हॉलची बाग बरी, सपाट आहे, जुन्या झाडांची सावली आहे, आणि कंटाळा आला तर शेजारी म्युझियम आहे. सोमवारी जाऊ नका, म्युझियम बंद असतं. परत येताना गंगावेशीत दूध कट्ट्यावर थांबायचं की नाही ते तुमच्या शुगरवर.

आणि रंकाळ्याच्या काठच्या धुण्याच्या चावीजवळ तुमच्या लहानपणी पाणी कुठपर्यंत असायचं, ते जमलं तर खाली लिहा. मला हल्लीच्या पाण्याशी ताडून बघायचंय.