ॲलन रिकमन ४२ व्या वर्षी ‘अचानक’ उगवला? नाही हो!

ॲलन रिकमन या ब्रिटिश नटावरचा एक मेसेज सतत फिरत असतो, सोबत हॅरी पॉटरमधल्या स्नेपचा फोटो. मजकूर साधारण असा की ४२ वर्षांपर्यंत या माणसाला कुत्रं विचारत नव्हतं, कुठेतरी ग्राफिक डिझायनर होता, मग थेट ‘डाय हार्ड’ हा हॉलिवूडचा ॲक्शन सिनेमा मिळाला आणि एका रात्रीत स्टार, तेव्हा तुम्हीही धीर सोडू नका. धीर द्यायचा हेतू चांगलाच आहे, पण त्या नादात त्याची सगळ्यात कष्टाची चौदा वर्षं पुसली जातात आणि मला त्याचा खरंच राग येतो, कारण ती वर्षं नाटकाची होती.

आधी डिझायनरचं बघू. डिझायनर होता हे खरं, लंडनमध्ये रीतसर आर्ट कॉलेज केलेलं, मित्रांबरोबर स्वतःचा स्टुडिओही काढलेला. पण ते सगळं त्याने २६ व्या वर्षी सोडलं, ४२ व्या नाही! ऑडिशनसाठी स्वतःहून पत्र लिहिलं आणि १९७२ ला ‘राडा’ या नाट्यशाळेत दाखल झाला. वडील तो आठ वर्षांचा असतानाच गेलेले, आईने चार मुलं एकटीने वाढवली, अशा घरातल्या मुलाने चालू धंदा सोडून परत विद्यार्थी व्हायचं म्हणजे काय ते आपल्याला वेगळं सांगायला नको. खर्च भागवायला तो मोठ्या नटांचा ड्रेसर म्हणून काम करायचा, त्यातले एक नायजेल हॉथॉर्न. तेव्हा मेसेजमध्ये आकडा घालायचाच असेल तर २६ घाला.

आता ‘कोणी ओळखत नव्हतं’. १९७४ ला राडातून बाहेर पडल्यावर गावोगावच्या थिएटर कंपन्या, मग रॉयल शेक्सपिअर कंपनी, आणि १९८२ ला बीबीसीची ‘द बार्चेस्टर क्रॉनिकल्स’ ही मालिका. त्यात तो ओबडाया स्लोप नावाचा तेलकट, गोडबोल्या पाद्री आहे, हळूहळू सरकत येतो, आवाज जराही न चढवता समोरच्याला घाम फोडतो. ज्यांना स्नेप आवडतो त्यांनी हा स्लोप बघाच, तो रेंगाळत टाकलेला शब्द, ती पापणी, सगळं तिथे आधीच आहे. आणि त्याच मालिकेत त्याच्यासमोर मोठ्या भूमिकेत कोण, तर नायजेल हॉथॉर्न! ज्यांचे कपडे सांभाळले त्यांच्याच तोडीस तोड उभा राहिला, आणि हे डाय हार्डच्या सहा वर्षं आधी.

‘थेट डाय हार्ड मिळाला’ हे तर सगळ्यात चुकीचं. १९८५ ला रॉयल शेक्सपिअर कंपनीने स्ट्रॅटफर्डच्या एका छोट्या पत्र्याच्या थिएटरात ‘ले लिएझॉं दांजरूज’ केलं, त्यात हा व्हाल्मों, म्हणजे बायकांना गळाला लावणारा सरदार. ते नाटक तिथून लंडनला आणि १९८७ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर गेलं, रिकमनला टोनी या मोठ्या नाट्यपुरस्काराचं नामांकन मिळालं, आणि डाय हार्डवाल्यांनी त्याला हेरलं ते तिथेच. म्हणजे लॉटरी नाही, नाटक बघून आलेलं बोलावणं. (याच कथेवर सिनेमा निघाला तेव्हा व्हाल्मों मात्र जॉन मॅल्कोविचला दिला, हे अजून खुपतं.)

आणि तिकडे जाऊन तो सांगितलं तेवढंच करत बसला नाही. हान्स ग्रुबर, म्हणजे डाय हार्डमधला त्याचा व्हिलन, मुळात अतिरेकी छापाच्या कपड्यांत असणार होता, यानेच सुचवलं की मला सूट द्या. त्यामुळेच ग्रुबर ओलीस असल्याचं सोंग करून हिरोसमोर उभा राहतो तो प्रसंग सुचला आणि जमला. कपड्यावरून पात्र बदलतं हे ज्याला कळतं तो नवशिका नसतो.

‘फक्त व्हिलन’ वगैरे कमेंटही खाली येतात. ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ या सिनेमातला त्याचा सज्जन कर्नल ब्रँडन बघा, विषय संपला.

शेवटचं, सिनेमा मिळाला आणि नाटक सुटलं असं अनेकांना वाटतं. १९९२ ला हॅम्लेट, २००१-०२ ला लंडन आणि ब्रॉडवेवर ‘प्रायव्हेट लाइव्ह्ज’, त्यासाठी पुन्हा टोनीचं नामांकन, २०१० ला डब्लिनमध्ये इब्सेनचं नाटक. हॅरी पॉटरचा शेवटचा भाग २०११ च्या जुलैत आला आणि त्याच नोव्हेंबरात ६५ वर्षांचा रिकमन ब्रॉडवेवर एका कोऱ्या नाटकात मुख्य भूमिका करत होता.