इसबगोल चालू आहे, मग गव्हाणीचा खटाटोप कशाला?

नमस्कार. माझ्या सल्ल्यावर तुमचे आक्षेप दोन. महिन्यातून आठवडाभर घोड्याला इसबगोल दिलं की वाळूचा पोटशूळ, म्हणजे गिळलेली वाळू आतड्यात साचून होणारी पोटदुखी, टळतो, गव्हाण आणि रबरी मॅटचा खर्च मी उगाच सुचवला. आणि तुमच्या घोड्यांची लीद पाण्यात कालवली तर तळाशी वाळू बसत नाही, म्हणजे पोटात ती नाहीच.

दुसरा आक्षेप आधी घेतो, धोका तिथे जास्त आहे. लिदीत वाळू सापडली तर घोडा ती गिळतोय, एवढं नक्की कळतं. नाही सापडली तर काहीच कळत नाही. वाळू जड असल्याने मोठ्या आतड्याच्या खालच्या भागात साचून राहते, चारा वरून सरकत जातो आणि लीद स्वच्छ पडते. साठा किती आहे, हे पोटाच्या एक्स-रेत दिसतं. लीद वारंवार पातळ होत असेल, अंग उतरत असेल, घोडा मधूनच कुशीकडे वळून बघत असेल, तर बादलीतल्या परीक्षेवर विसंबू नका.

इसबगोल बंद करा असं मी म्हटलेलं नाही. पण नुसत्या इसबगोलाने वाळू निघते का, यावर अभ्यासांचे निष्कर्ष जुळत नाहीत. फिनलंडमधल्या संशोधनात इसबगोल आणि मॅग्नेशियम सल्फेट एकत्र, प्रत्येकी किलो वजनामागे 1 ग्रॅम, नाकातल्या नळीने रोज दिलं, तेव्हा एकेकट्या औषधापेक्षा चांगला परिणाम दिसला. म्हणजे 500 किलोच्या घोड्याला रोज अर्धा किलो इसबगोल! हे पशुवैद्याचं काम आहे, खुराकात मूठभर मिसळून होणारं नव्हे.

शिवाय औषध आधी गिळलेल्या वाळूसाठी. रोज नवी जातेय तिचं काय? घोडा सांडलेले दाणे आणि पाला ओठांनी जमिनीवरून वेचतो, आखूड झालेलं गवत मुळासकट उपटतो. म्हणून गव्हाण, तिच्याखाली मॅट, आणि ती रोज झाडायची. न झाडलेली मॅट म्हणजे उंचावरची वाळूच. मॅटचा खर्च जड वाटत असेल तर निदान खाण्याची जागा टणक जमिनीवर हलवा. चाऱ्याची जाळी टांगणार असाल तर खूर अडकणार नाही इतकी उंच हवी, नालवाल्या घोड्यांच्या बाबतीत तर नक्कीच.

तरी पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर वैरणीवर घाला. वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा, म्हणजे 500 किलोला साडेसात ते दहा किलो, दिवसभरात विभागून. पोट रिकामं राहिलं की घोडा जमीन हुंगत फिरतो, आणि आतड्यातून चारा सतत सरकत असला की नव्याने गिळलेली थोडीफार वाळू साचण्याआधी त्याच्याबरोबर पुढे जाते.

आणि पोट दुखू लागलेल्या घोड्याला घरचं इसबगोल पाजू नका. खाणं काढून घ्या आणि डॉक्टरांना बोलवा.