टूथपेस्ट, पॉलिश आणि गाडीवरचे बारीक ओरखडे: एका फिरत्या सल्ल्याचा प्रतिवाद

गाडीच्या रंगावर उन्हात दिसणाऱ्या बारीक ओरखड्यांवर एक उपाय सतत पुढे पाठवला जातो. मजकूर थोडाफार बदलतो, पण गाभा ठरलेला असतो. तो असा: फडकं गोल फिरवल्यामुळे गोल रेघा पडतात, म्हणून यापुढे सरळ पुसा. पडलेल्या रेघांसाठी पांढरी टूथपेस्ट किंवा कुठलंही पॉलिश घेऊन हाताने घासा, ते रेघांमध्ये भरून बसतं आणि रंग नव्यासारखा होतो. पॉलिशचं मशीन लावू नका, रंग जळतो. हाताने मात्र कितीही वेळा करा. आणि एकदा सिरॅमिक कोटिंग (रंगावर चढवायचा पातळ, कठीण संरक्षक थर) करून घेतलंत की पुन्हा ओरखडा पडायचाच नाही.

यातल्या काही वाक्यांत अर्धं सत्य आहे. ‘कितीही वेळा करा’ हे वाक्य मात्र गाडीच्या रंगाचं कायमचं नुकसान करू शकतं, आणि त्यासाठीच हे सविस्तर उत्तर लिहितो आहे.

‘पॉलिश रेघांमध्ये भरून बसतं’

बाकीचे सगळे गैरसमज या एका समजुतीतून निघतात, म्हणून सुरुवात इथून करू. आजच्या बहुतेक गाड्यांवर रंगाचे अनेक थर असतात. पत्र्यावर गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंगद्रव्य असलेला बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. उन्हात चमकणाऱ्या बारीक रेघा या वरच्या पारदर्शक थरात असतात. खालच्या रंगापर्यंत त्या पोचलेल्याही नसतात. गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रकाश एका दिशेने परततो. खाचेच्या कडांवर तोच प्रकाश भलतीकडे विखुरतो आणि ती खाच आपल्याला रेघ म्हणून दिसते.

पॉलिशमध्ये अतिशय बारीक आणि कठीण कण असतात, बहुतेक वेळा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे. हे कण खाचेच्या आजूबाजूचा थर झिजवतात. फळीवरची खाच घालवायला सुतार रंधा मारून सगळी फळी खाचेच्या तळापर्यंत खाली आणतो. पॉलिशचं कामही तेच, फक्त मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या मापात. पातळी अगदी तळाला टेकली नाही तरी कडा बोथट झाल्या की रेघ नजरेत भरत नाही. रोजच्या वापरातल्या गाडीला तेवढं पुरतं असं माझं स्पष्ट मत आहे.

रेघांमध्ये भरणारे पदार्थही असतात. वॅक्स भरतं, ग्लेझ (रेघा झाकून चमक देणारं मिश्रण) भरतं, आणि ‘एकात सगळं’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच बाटल्यांत तेलं आणि वॅक्स मिसळलेली असतात. त्यांनी रेघा झाकल्या जातात आणि काही धुण्यांनंतर पुन्हा उघड्या पडतात. ‘पॉलिश केलं, पण महिन्याभरात रेघा परत आल्या’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. त्या गेल्याच नव्हत्या. पारख करणं सोपं आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात पातळ करून स्वच्छ मायक्रोफायबरने पॅनेल पुसा. तेलाचा आणि वॅक्सचा पापुद्रा निघून जातो. त्यानंतरही रंग स्वच्छ दिसला तर काम खरं झालं. पैसे देऊन पॉलिश करून घेत असाल तर गाडी ताब्यात घेण्यापूर्वी ही पुसणी समोर करून दाखवायला सांगा.

‘टूथपेस्ट म्हणजे स्वस्तातलं पॉलिश’

अर्धं सत्य ते हेच. टूथपेस्टमध्येही घासणारे कण असतात: सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेट. दुसऱ्या गाडीचा रंग घासून वर चिकटला असेल, तर टूथपेस्टने तो निघूही शकतो. पण हे कण दातांसाठी निवडलेले असतात. दातांचं एनॅमल हे कठीण खनिज आहे आणि क्लिअर कोट हा राळेचा, त्या मानाने मऊ थर. पॉलिशमध्ये कणांचा आकार एकसारखा राखलेला असतो आणि ते घसरत राहावेत म्हणून द्रव बेतलेला असतो. टूथपेस्ट घासता घासता वाळते, आणि मग एका ठसठशीत रेघेच्या जागी शेकडो बारीक रेघांचा पांढुरका पट्टा उरतो. पांढऱ्या आणि चंदेरी गाडीवर तो फारसा दिसत नाही, काळ्या गाडीवर लपत नाही.

‘पांढरीच घ्या, जेल नको’ या पुरवणीलाही आधार नाही. पारदर्शक जेलमध्ये सहसा सिलिका असतेच. तिच्यातून प्रकाश नीट आरपार जातो म्हणून तर जेल पारदर्शक दिसते.

मग या उपायाच्या व्हिडिओंत रेघ गायब होते ती कशी? पुष्कळदा पृष्ठभाग ओला असतो. पाणी खाचेत साचलं की प्रकाश विखुरणं कमी होतं आणि रेघ तात्पुरती दिसेनाशी होते. पुसून कोरडा केलेला पत्रा एकाच प्रखर दिव्याखाली दाखवलेला नसेल तर असा पुरावा मी मानत नाही.

‘गोल पुसल्यामुळे गोल रेघा पडतात’

रात्री एका दिव्याखाली बोनेटकडे पाहा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती रेघांची वर्तुळं दिसतील. आता दोन पावलं बाजूला सरका. वर्तुळंही तुमच्याबरोबर सरकतील. रेघा खरोखर गोल असत्या तर जागच्या हलल्या नसत्या. पृष्ठभागावर रेघा सगळ्या दिशांनी गेलेल्या असतात. त्यांतल्या ज्या प्रतिबिंबाला वळसा घालणाऱ्या दिशेत येतात, तेवढ्याच प्रकाश डोळ्यांकडे फेकतात. बाकीच्या त्या क्षणी दिसत नाहीत. सरळ पुसून पडलेल्या रेघाही वेगवेगळ्या दिशांच्या असतील तर गोलच भासतील.

सरळ पुसण्यात तोटा नाही, एका दिशेच्या रेघा मोजक्या कोनांतूनच दिसतात एवढा फायदाही आहे. पण ओरखडा पडतो तो फडकं आणि रंग यांच्यामध्ये अडकलेल्या कणामुळे. धूळ बसलेली गाडी सकाळी कोरड्या फडक्याने झटकणं हे माझ्या मते सगळ्यांत मोठं कारण, मग फडकं सरळ फिरो की गोल. फिरत्या ब्रशचं ऑटोमॅटिक वॉशिंगही तसंच: आधीच्या गाडीची माती त्या ब्रशांत असते.

‘मशीनने रंग जळतो, हात सुरक्षित’

मशीन दोन जातींची असतात आणि सल्ला देणारे त्यांत फरक करत नाहीत. रोटरीचा पॅड एकाच अक्षाभोवती फिरतो. एका जागी रेंगाळला तर उष्णता साठते आणि कडेवरचा क्लिअर कोट खरोखर उडू शकतो. अननुभवी हातातली रोटरी मागे लाटांसारखे चमकते पट्टेही सोडते. त्यांना होलोग्राम म्हणतात. भीती आली ती या मशीनमुळे, आणि ती खोटी नाही. ड्युअल ॲक्शन मशीनचा पॅड फिरता फिरता अक्षाभोवती सरकतही राहतो. साध्या प्रकारात दाब वाढला की त्याचं फिरणं मंदावतं किंवा थांबतं, त्यामुळे उष्णता सहसा आवाक्यात राहते. नवशिक्याने घ्यावं ते हे.

हाताचं म्हणाल तर बोटांच्या टोकांखाली दाब जास्त आणि तळव्याखाली कमी पडतो. दरवाज्याच्या मुठीमागची जागा किंवा एखादा छोटा चरा हाताने छान होतो. अख्खं बोनेट हाताने एकसारखं उतरवणं मात्र फार कठीण. मशीन कुठलंही असो, पॅनेलच्या कडा आणि उठावदार रेषांवर रंग पातळ असतो, तिथे मास्किंग टेप लावा. प्लास्टिकच्या बंपरवर जरा जपून, कारण प्लास्टिक पत्र्याइतकी उष्णता वाहून नेत नाही.

‘घासल्यावर धूसर झालं, म्हणजे पॉलिश खोटं’

याने मन खट्टू होतं आणि लोक काम अर्ध्यात सोडतात, म्हणून इथे थोडं थांबतो. कंपाउंड म्हणजे जास्त घासणारं पॉलिश, ते जोरकस असतं. ते मोठ्या खाचा उतरवतं, पण स्वतःच्या कणांच्या आणि पॅडच्या अतिबारीक रेघा मागे ठेवतं. त्या सुट्या दिसत नाहीत, सगळ्या मिळून धुक्यासारख्या दिसतात. गडद आणि मऊ रंगावर तर हमखास. यावर पुन्हा कंपाउंड घासून काही होत नाही. पुढची पायरी घ्यायची: मऊ फोमचा पॅड, बारीक कणांचं फिनिशिंग पॉलिश, हलका दाब.

पॅड चोंदला तरी असंच धुकं येतं. उतरलेला क्लिअर कोट आणि वापरलेलं पॉलिश पॅडमध्ये साचतं, त्याचे गोळे होतात आणि ते ओरखडतात. एक भाग झाला की ब्रशने पॅड साफ करायचा, आणि अख्ख्या गाडीला एकच पॅड पुरवायचा नाही. क्वचित धुकं म्हणजे नुसता तेलकट राप असतो. अल्कोहोलच्या पुसणीने तो जातो, म्हणून आधी ती करून पाहावी.

क्रम असा ठेवा. गाडी नीट धुवा. मग पॅनेलवरून हात फिरवा, पृष्ठभाग खरखरीत लागला तर भरपूर लुब्रिकंट (निसरडं करणारा द्रव) मारून क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मऊ वडी, फिरवा. रुतलेले कण तसेच ठेवून पॉलिश करणं म्हणजे नवे ओरखडे. त्यानंतर साधारण ५० सेंमी बाय ५० सेंमीचा एकच तुकडा निवडा आणि सर्वांत मऊ पॅड व सर्वांत सौम्य पॉलिशने सुरुवात करा. मशीन सावकाश सरकवा, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवा, आडवे-उभे मिळून चार ते सहा फेरे. पुसा, दिव्याखाली पाहा. एवढ्याने भागलं तर सगळी गाडी याच जोडीने करा. भागलं नाही तरच एक पायरी वर चढा. सल्ल्यात नेमकी ही चाचणी कधीच नसते, आणि रंगाची कठिणता गाडीगणिक वेगळी असल्यामुळे तिच्यावाचून उत्तर सापडत नाही. सगळं सावलीत आणि पत्रा थंड असताना.

‘कितीही वेळा करा’

कारखान्यातून आलेल्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंत सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यात क्लिअर कोट बहुधा ३५ ते ५० मायक्रॉन. सौम्य पॉलिशचा एक हात जेमतेम एखादा मायक्रॉन घेतो, कंपाउंड त्याहून जास्त, आणि वॉटर पेपर (ओला करून घासायचा बारीक सँडपेपर) मारला तर आणखी जास्त. एका वेळी हे किरकोळ वाटतं, पण गेलेला मायक्रॉन परत येत नाही. दर महिन्याला घासत राहिलात तर हिशेब काय होईल ते उघड आहे.

शिवाय क्लिअर कोट फक्त चमक देत नाही. अतिनील किरणं शोषणारी द्रव्यं त्याच थरात मिसळलेली असतात. थर फार पातळ झाला की खालच्या बेस कोटचं संरक्षण घटतं. पुढे छपरावर आणि बोनेटवर पांढरे चट्टे येतात, पापुद्रे सुटतात. त्या अवस्थेवर कुठलंही पॉलिश चालत नाही, पॅनेल पुन्हा रंगवावं लागतं.

रंगाची जाडी मोजणारं यंत्र मिळतं आणि वापरावंच, पण त्याची मर्यादा ओळखून. साधं यंत्र सगळ्या थरांची मिळून जाडी सांगतं. त्यात क्लिअर कोट किती, हे सांगत नाही. प्लास्टिकवर ते चालत नाही. एखाद्या पॅनेलवर आकडा बाकीच्यांच्या दुप्पट आला तर ते नंतर रंगवलेलं असण्याची शक्यता मोठी, आणि जाडी जास्त म्हणजे घासायला वाव जास्त असं तिथे धरू नये.

नखाची चाचणीही करा. ओरखड्यावरून हलकेच नख आडवं फिरवा. नख अडकलं तर तो पूर्ण घालवायच्या फंदात पडू नका. तेवढा खोल ओरखडा काढायला सभोवतालचा इतका थर जातो की सौदा तोट्याचा. कडा बोथट करा आणि सोडून द्या. पॉलिश करताना पॅडवर गाडीचाच रंग उतरला तर एकतर त्या गाडीला क्लिअर कोट नाही, जुन्या गाड्यांत हे आढळतं, नाहीतर तो संपला आहे. दुसरी शंका असेल तर तिथेच थांबा. मॅट फिनिशच्या गाडीला तर पॉलिश लावूच नये. घासलेली जागा चकाकू लागते आणि पुन्हा मॅट होत नाही.

‘सिरॅमिक केलं की ओरखडा नाही’

जाहिरातीतला ९एच हा आकडा पेन्सिलच्या कठिणतेच्या मापातला आहे. ठरावीक दाबाने पेन्सिल ओढून थर ओरखडतो का ते पाहतात, आणि ९एच ही त्या मापातली सर्वांत कठीण पेन्सिल. खनिजांच्या मोह मापाशी, ज्यात हिरा १० वर आहे, त्याचा संबंध नाही. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, मोह मापावर ७ चे. फार पातळ असं ते कोटिंग त्यांच्यापुढे टिकत नाही. पाणी आणि मळ सहज निसटतो, धुणं सोपं होतं, एवढा त्याचा खरा उपयोग आहे आणि तो मला मोलाचा वाटतो. पण खालच्या रेघा ते काढत नाही, त्यामुळे कोटिंगच्या आधी पॉलिश लागतंच.

पॉलिशची वेळ वर्षानुवर्षं येऊ नये असं वाटत असेल तर लक्ष धुण्याकडे द्या. आधी नुसत्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने माती सोडवा. दोन बादल्या घ्या, एक शाम्पूची आणि एक मिट (गाडी धुण्याचा मऊ हातमोजा) खळबळून घ्यायला साध्या पाण्याची. वरून खाली या; दरवाज्यांचा खालचा भाग सर्वांत शेवटी, आणि चाकांचं फडकं वेगळं. पुसताना जाड, लव असलेला मायक्रोफायबर टॉवेल पसरून टेकवा, पाणी तो शोषून घेतो, रगडावं लागत नाही. आणि टॉवेल किंवा मिट जमिनीवर पडलं तर धुऊन होईपर्यंत ते गाडीला पुन्हा लावू नका.