पर्पज काय?

कालचा संताप अजून उतरलेला नाही, त्यामुळे प्रस्तावना थोडक्यात. चारकोपला आमच्या बैठ्या घरामागे एक खाट मावेल एवढी मोकळी जागा आहे. तिथे माझा स्मोकर, म्हणजे धुरावर शिजवायची भट्टी, उभा असतो. तयार स्मोकरच्या किमती ऐकून मी तो ३ मिलिमीटरच्या एम.एस. म्हणजे साध्या लोखंडी पत्र्याचा वेल्डरकडून करून घेतला. खाली कोळशाची पेटी, मध्ये पाण्याचं ताट, वर जाळ्या, धुराडं आणि पुढे दार. आंब्याच्या लाकडाच्या धुरात ११० ते १२० अंशांवर मासा नाहीतर कोंबडी निवांत शिजवायची. यंदा पावसाळा सरल्यावर दार नीट लागेना, कारण कडेची काचतंतूंची दोरी झिजून चपटी झाली होती. नवी आणायला नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात गेलो. झाली प्रस्तावना.

छे, एक राहिलंच. लोकांना वाटतं असली भट्टी आगीने झिजते. मुंबईत ती हवेने झिजते. जून ते सप्टेंबर २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात चारकोपला खाडी शेजारी. हवेतलं मीठ पत्र्यावर बसतं, ओल धरून ठेवतं आणि गंज चढवतं. आत राख आणि चरबी राहिली तर मग बघायलाच नको. राख हवेतलं पाणी ओढते, भिजली की क्षारयुक्त चिखल होतो आणि पेटीचा तळ आधी जातो. म्हणून मी भट्टी गार झाली की राख काढतो, जाळ्या खरवडतो, आतून तेलाचा पातळ हात फिरवून पुन्हा तापवतो. बाहेर गंज दिसला की पॉलिश पेपर आणि वर ६०० अंशांना टिकणारा काळा रंग. शेजारच्या वहिनींनी प्रेमाने दिलेलं प्लास्टिकचं कव्हर मात्र घट्ट बांधत नाही, आत घाम धरतो आणि झाकलेला पत्रा उघड्यापेक्षा लवकर सडतो. वहिनींना वाटतं मी त्यांचं कव्हर वाया घालवलं. दिवाळीपासून बोलणं तुटक आहे.

असो. मापाला हवं म्हणून दार उपटून बरोबर घेतलं. लगेजच्या डब्यात एका कोळणीने ते हुंगलं आणि "बांगडा जाळलास काय रे?" एवढंच विचारलं. अख्ख्या दिवसातलं तेवढंच एक जाणकार बोलणं. मरीन लाइन्सला उतरलो, प्रिन्सेस स्ट्रीट आणि लोहार चाळ ओलांडून नागदेवीत शिरलो. दुकान म्हणजे भिंतीतली फट. छतापर्यंत गॅस्केट, रबराचे पत्रे, दोरीची भेंडोळी.

"शेठ, ग्लास रोप, दस एमएम, दो मीटर."

शेठनी भेंडोळं काढलं. व्यवहार इथे संपायला हवा होता.

"दो मीटर किसको मंगताय?"

हा आवाज शेठचा नव्हता. शेजारी अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात नळाचा जुना वॉशर, असे एक काका उभे होते. मराठी आहेत हे त्यांच्या हिंदीवरून कळलंच.

"मला," मी म्हणालो.

"मराठी का? मग मराठीतच सांगा. पर्पज काय?"

काका बँकेतून निवृत्त झाले होते, सगळी नोकरी कर्ज विभागात. हे त्यांनी न विचारता सांगितलं. मी दार दाखवलं, स्मोकर काय असतो ते सांगितलं.

"म्हणजे धूर व्हावा म्हणून पेटी केलीत, आणि आता धूर बाहेर पडू नये म्हणून दोरी."

हे गप्प बसावं इतकं बरोबर नव्हतं आणि भांडावं इतकं चूकही नव्हतं. मी म्हटलं, काका, धूर बाहेर गेल्याचं दुःख नाही. फटीतून हवा आत शिरते, कोळसा भडकतो, काटा ११० वरून १५० वर जातो आणि मासा वाळून जातो. म्हणून धुराडं पूर्ण उघडं ठेवायचं, आच खालच्या झडपेने सांभाळायची आणि बाकी कुठूनही हवा येऊ द्यायची नाही. धुराडं दाबलं तर धूर आत कोंडतो, पदार्थ डांबरासारखा कडू लागतो.

काकांनी डोळे मिटून ऐकलं. "बॉरोअर असंच बोलतात," ते शेठना म्हणाले.

"वापर किती?"

"पावसाळा सोडून, सुट्टी मिळेल तसा."

"अनसर्टन." शेठनी मान हलवली. मागच्या पोऱ्यानेही हलवली.

"घरात माणसं?"

"तीन. आई शाकाहारी आहे."

"म्हणजे लाभार्थी दोन. आमच्या मिसेस वांग्याच्या भरताला धुरी देतात. वाटीत निखारा, त्यावर तूप, वर झाकण. पाच मिनिटं. दोरी निल."

अख्खं दुकान माझ्याकडे बघायला लागलं. आता त्या धुरीने भरताला वास लागतो, तिच्यावर वांगं शिजत नाही, इथे तर त्या धुराच्या आचेवरच मासा तासन्‌तास शिजतो. पण हे सांगायला तोंड उघडेपर्यंत काकांनी काउंटरवरचं लोहचुंबक उचलून माझ्या दाराला लावलं. खट्!

"लोखंड निघालं हो! फसवलं तुम्हाला."

मी स्टीलचं म्हणालोच नव्हतो! पण काकांनी चुंबक ओढून काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा खट्, आणि वॉशर घ्यायला आलेल्या आणखी एका गिऱ्हाइकाला बोलावून दाखवलं. या चुंबकाच्या चाचणीने मुंबईतली निम्मी भांडी खरेदी होते, आणि ती चाचणी फसवी आहे. २०२ ग्रेडचं स्वस्त स्टील आणि ३०४ ग्रेडचं चांगलं स्टील, दोन्हींना चुंबक चिकटत नाही म्हटलं तरी चालेल. २०२ मध्ये निकेल कमी घालून मँगनीज वाढवलेलं असतं, खाऱ्या हवेत ते आधी डागाळतं, चुंबकाला त्याचा पत्ताही लागत नाही. उलट ४३० ला चुंबक घट्ट चिकटतं आणि तेही स्टेनलेसच. हे मी सांगितलं. काका म्हणाले, "थिअरी वेगळी."

तरी एक बरं, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरायचा सल्ला त्यांनी दिला नाही. तो शेठनी दिला. जस्त ४१९ अंशांना वितळतं, त्याच्याही वर तापलं तर निघणारा धूर फुप्फुसाला वाईट. कोळशाच्या पेटीत ते कोण लावेल? पण तोवर माझ्या बोलण्याला दुकानात किंमत उरली नव्हती.

मग काकांनी निकाल दिला. "हरकत नाही, घ्या. हौस आहे. शेठ, पण आधी मला द्या दोन मीटर."

"तुम्हाला कशाला?"

"घरात असावी."

पर्पज विचारायची माझी पाळी होती, पण शेठनी तोवर मापून कापलीसुद्धा. काकांकडे सुट्टे होते. भेंडोळ्यात वीतभर तुकडा उरला आणि तो शेठनी माझ्यासमोर ठेवला. "बाकी का अॅस्बेस्टॉस रोप ले लो, बॉयलर में वही जाता है."

अॅस्बेस्टॉसवर पन्नासहून अधिक देशांत बंदी आहे, त्याचे तंतू श्वासातून गेले की कॅन्सर होऊ शकतो, आणि इथे ते माशाच्या दाराला लावायला मिळतं. त्याचं पर्पज कुणी विचारलं नाही. ८५ इंची टीव्ही घ्यायला गेलो असतो तर दुकानदाराने चहा पाजला असता, घरात भिंत आहे का हेसुद्धा विचारलं नसतं. असलेली वस्तू दुरुस्त करायची म्हटलं की मात्र जामीनदार आणा. चप्पल शिवायला जा, मिक्सरची वायर बदलायला जा, बाजूला उभा असलेला माणूस हमखास सांगणार, "नवीनच घ्या ना." पैसे याने द्यायचे नसतात, वस्तूही याची नसते. मी कुणाच्या वॉशरमध्ये तोंड घातलं होतं?

दार घेऊन परत आलो. बसायला जागा नव्हती.

आज सकाळी फोन आला. काकांनी माझा नंबर घेतला होता, "मासा चाखायला बोलवा" म्हणून.

"अहो, ती दोरी. मिसेसनी मनी प्लांट बांधला तिने, तर हाताला ही खाज सुटलीय."

"काचेची आहे काका. हातमोजे लागतात."

"दुकानात बोलला नाहीत."

मी गप्प राहिलो.

"तुमच्या त्या भट्टीला लागतेय का? कालच्या भावात देतो. दादरला येऊन घेऊन जा. वर फक्त माझं येण्याजाण्याचं तिकीट धरतो."

"काका, तुमचा पास असेल ना?"

"पास आहे. पण प्रपोर्शनेट धरायला नको?"

संध्याकाळी दादरला जातोय.