शिक्षकांना काय, सुट्ट्याच सुट्ट्या!
हे वाक्य परत कुणी म्हटलं ना की खरंच डोकं फिरतं माझं. अरे हायस्कूलच्या पोरांना शिकवणं म्हणजे नुसता पोर्शन संपवणं असतं का? एखादी मुलगी अचानक गप्प गप्प राहायला लागली, मधल्या सुट्टीत एकटीच बसते, हे आधी दिसतं ते वर्गावरच्या बाईंना, मग तास संपल्यावर तिला थांबवून हळूच विचारायचं, घरी फोन करायचा आणि तोही असा जपून की तिलाच उलटा ओरडा बसू नये. हे कुठल्या टाइमटेबलमध्ये असतं सांगा? मारामाऱ्या सोडवायच्या, रडारड ऐकायची, पेपर तपासायचे ते रात्री घरी. आणि मीटिंगला येऊन पालक विचारणार काय, तर फक्त मार्क का कमी पडले!